कात्रजचा लाल डगला : एका टिपणाचें परीक्षण

कात्रज येथील एका संग्राहक गृहस्थांनीं आपल्या घरच्या पेटींतील एक लाल लोकरी डगला आणि त्याविषयीं स्वतः लिहिलेलें बारा पृष्ठांचें टिपण गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे अभिप्रायासाठीं पाठविलें. डगला व टिपण हीं दोन्ही पुढें एका वस्तुसंग्रहालयाकडे जावयाचीं असून टिपणावरूनच डगल्याखालील पाटी लिहिली जाणार आहे. एकदां लागलेली पाटी पुसणें किती कठीण असतें, हें संग्राहकांस सांगावयास नको. म्हणून टिपणकारांच्या संमतीनें, परंतु त्यांचें नांव न घालतां, त्या टिपणाचें परीक्षण येथें करीत आहों.

टिपणांतील प्रतिपादन येणेंप्रमाणें आहे. मराठी फौजेंत शिवकालापासूनच सर्वांस एकसारखा सरकारी पोशाख असे. शाहिस्तेखानावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांस पलिते बांधणाऱ्या मावळ्यांचें एक छापील रंगीत चित्र याला आधार म्हणून जोडलें आहे. हाच पोशाख पुढें गाडद्यांना लाल सकलादीचा मिळूं लागला, आणि त्याचें कापड व त्याचा बेत हीं दोन्ही फ्रेंचांकडून आलीं. पेटींतील डगला इब्राहिमखान गाडद्याच्या पायदळांतला असून घरचा मूळपुरुष तो अंगांत असतांना पानिपतावर पडला. पडलेल्या शिपायाच्या अंगावरचा डगला यमुनेच्या कांठावरून कात्रजला परत कसा आला, हा प्रश्न मात्र टिपणकारांनीं स्वतःस विचारलेला नाहीं.

प्रथम चित्राचा विचार करूं. चैत्र शुद्ध ८ शके १५८५, म्हणजे ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं महाराजांनीं लाल महालावर छापा घातला, ही गोष्ट निर्विवाद आहे. पलित्यांच्या बैलांची कथा ही लोकपरंपरेंत इतकी मुरलेली आहे कीं, 'कात्रजचा घाट दाखविणें' हा फसविण्याच्या अर्थीं मराठींत वाक्प्रचारच होऊन बसला. त्या कथेचें परीक्षण हा आजचा विषय नव्हे. आमचा आक्षेप चित्रांतील कपड्यांवर आहे. चित्रांत पंचवीसतीस मावळे असून सर्वांचे अंगरखे एका रंगाचे, पागोटीं एका घडीचीं, कमरबंद एका रुंदीचे आहेत. चित्रकार विसाव्या शतकांतला. त्यानें पलटणींच्या संचलनाचीं दृश्यें पाहिलेलीं, आणि तीच दृष्टि त्यानें सतराव्या शतकास लावली. यांत त्याचा दोष नाहीं. त्याच्या चित्राला साधन मानणाऱ्याचा आहे.

वस्तुतः त्या रात्रीचा पराक्रम साधला तो एकसारखा पोशाख नव्हता म्हणूनच. खानाच्या छावणींत मराठे शिपाई व सरदार चाकरीस होते. खाफीखानानें लग्नाच्या वरातीचा व पकडून आणलेल्या कैद्यांचा बहाणा करून लोक शहरांत शिरल्याची हकीकत दिली आहे. तपशिलांत मतभेद असोत. पहाऱ्यावरच्या माणसास आपला मराठा कोणता आणि परका कोणता हें कपड्यांवरून ओळखतां आलें असतें, तर यांतील कोणताच बहाणा घटकाभर टिकला नसता. सर्वांच्या अंगावर राज्याचा एकच रंग असता, तर कात्रजचा घाट दाखविण्याची वेळच आली नसती. मंडळी पुण्याच्या वेशीवरच धरली गेली असती.

याचें कारण फौजेच्या घडणींत आहे. शिलेदार आपलें घोडें, आपलें हत्यार आणि आपलें वस्त्र घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडें सरकारचें मिळे. अंगावरच्या वस्त्राचा खर्च सर्वांसाठीं सरकारनें सोसावा अशी ही व्यवस्था नव्हती. ग्रँट डफनें मराठा स्वाराचा जो सामान्य वेष वर्णिला आहे, त्यांत गुडघ्याखालीं येणारी तुमान, हनुवटीखालून एक पदर घेतलेलें पागोटें, रुई भरून टाके घातलेला सुती अंगरखा आणि कमरेस गुंडाळलेला शेला एवढीं वस्त्रें येतात. तीं सर्व गांवच्या कोष्ट्यानें विणावीं आणि गांवच्या शिंप्यानें शिवावीं अशीं आहेत. रुईचा अंगरखा तलवारीचा निसटता वार झेलतो, थंडींत ऊब देतो आणि फाटला तर कोणत्याही मुक्कामावर दुरुस्त होतो. समुद्रापलीकडून कांहीं आणण्याची त्यास गरज नव्हती.

असें असलें तरी टिपणकारांचें पहिलें विधान सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या हाताशीं खरा आधार होता; त्यांनीं तो सोडून चित्र धरलें, याचेंच आम्हांस वाईट वाटतें. कृष्णाजी अनंत सभासदानें महाराजांच्या मृत्यूनंतर पंधरासतरा वर्षांनीं, राजारामाच्या आज्ञेवरून, जिंजीस बखर लिहिली. तींत महाराजांच्या पालखीबरोबर पायीं चालणाऱ्या निवडक मावळ्यांच्या तुकड्यांचें वर्णन आहे, आणि त्यांस सरकारांतून मंदील, सकलादी अंगीं व हातांत कडीं दिल्याचें सांगितलें आहे. येथें तीन गोष्टी एकत्र येतात : पोशाख एकसारखा, खर्च सरकारचा आणि कापड सकलादीचें. सरकारी गणवेशाची व्याख्या यापेक्षां निराळी ती काय करावयाची? परंतु हा मान राजाच्या सन्निध चालणाऱ्या मोजक्या लोकांचा होता. तो साऱ्या फौजेस लावणें म्हणजे जामदारखान्यावरून सबंध गांवाच्या श्रीमंतीचा अंदाज करण्यासारखें आहे.

आतां ही सकलाद म्हणजे काय व ती कोठून येई, याचा विचार थोडा विस्तारानें करणें अवश्य आहे. कारण टिपणांत 'परदेशी तलम कापड' असें तिचें वर्णन आहे, आणि सकलाद तलम कधींच नसते. ती मेंढीच्या लोकरीची. रुंद मागावर सैल विणून, पाण्यांत भिजवून, मोगऱ्यांखालीं कुटून कुटून ती आटवितात. ताणा व बाणा ओळखूं येईनासा झाला म्हणजे काटेरी बोंडांनीं लव उभी करतात आणि मोठ्या कात्रीनें ती एका उंचीवर छाटतात. अशा कापडाची कापलेली कड उसवत नाहीं. म्हणून खऱ्या जाड सकलादीच्या डगल्याची कड शिंपी दुमडीत नसे. कापली तशीच ठेवी. संग्राहकांनीं ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

शब्द फारसीवाटे आला. फारसी-अरबी सकलात आणि इंग्रजी स्कार्लेट हे एकाच कुळांतले मानले जातात, आणि या कुळाचा प्रवास मध्ययुगांतल्या भूमध्य समुद्राच्या बाजारपेठांपर्यंत मागें जातो. म्हणजे शब्द इंग्रजांच्या आधींपासून आपल्याकडे होता. माल मात्र सतराव्या शतकापासून मुख्यतः टोपीकरांच्या गलबतांतून येऊं लागला. सुरतेस इंग्रजांची वखार १६१३ पासून, वेंगुर्ल्यास डचांची १६३७ पासून. राजापुरासही इंग्रज येऊन बसले. इंग्लंडास हिंदुस्थानांत विकण्याजोगें स्वदेशीं होणारें दुसरें फारसें नव्हतें, म्हणून कंपनीच्या सनदेमागें लोकरी कापड खपविण्याचा आग्रह सतत असे. इकडच्या हवेंत लोकरीस गिऱ्हाईक थोडें. वखारींत कसर लागून गठ्ठे पडून राहात, आणि जें खपे तें बहुधा माणसांच्या अंगावर न जातां हत्तीच्या झुलीस, घोड्याच्या खोगिरास, पालखीच्या आच्छादनास आणि डेऱ्यांच्या आंतल्या बाजूस जाई.

कागद वाचणारांनीं येथें सावध राहावें. रोजकीर्दींत 'सकलाद' हा शब्द दिसला कीं त्याचा अर्थ लष्करी पोशाख असा करण्याची चूक टिपणकारांनीं दोन ठिकाणीं केली आहे. त्यांनीं उतरून दिलेल्या एका मोडी कलमांत सकलादीचे गज दिले आहेत, आणि त्यावरून त्यांनीं गाडद्यांची एक तुकडी उभी केली आहे. आम्हीं मूळ कागद पाहिला. कलम फीलखान्याच्या खर्चांत आहे! हत्तीच्या एका झुलीस किती कापड लागतें याचा विचार केला असता, तर ही तुकडी जन्मासच आली नसती. जमाखर्चाचा असा कागद हातीं आला असतां कलम कोणत्या कारखान्याच्या खात्यांत आहे, माप किती आहे, शेजारीं शिंप्याची मजुरी व अस्तराचें कापड लिहिलें आहे कीं नाहीं, आणि माणसांची नांवनिशी जोडलेली आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय एका शब्दावर इमारत उभारूं नये. बेरीज जुळते कीं नाहीं हेंही पाहावें. बेरीज कधीं खोटें बोलत नाहीं, असें नव्हे, परंतु वंशपरंपरागत गोष्टीपेक्षां ती कमी वेळां खोटें बोलते.

एक मुद्दा आणखी. विलायती कापड मराठ्यांच्या हातीं आलें तें सर्व विकत घेतलेलें असें समजण्याचें कारण नाहीं. सुरत १६६४ व १६७० अशी दोनदां लुटली गेली. मोहिमेवर निघतांना शिपायाच्या सामानाची नोंद घ्यावयाची व परततांना झडती घेऊन वाढलेला माल सरकारांत भरावयाचा, ही सभासदानें सांगितलेली शिस्त प्रसिद्धच आहे. लुटींतलें कापड जामदारखान्यांत पडे, आणि तेथून मानाच्या पोशाखाच्या रूपानें पुन्हां बाहेर येई.

रंगाविषयींही टिपणांत गोंधळ आहे. टिपणकार सर्व लाल कापड 'किरमिजी' म्हणतात. सकलादीचा झळझळीत लाल रंग सतराव्या शतकापासून युरोपांत मेक्सिकोच्या निवडुंगावरील किड्यापासून, कथलाच्या क्षाराची जोड देऊन, काढीत. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर प्रांतांतील स्ट्राउडच्या खोऱ्यांतील गिरण्या या लाल कापडासाठीं नांवाजलेल्या होत्या. पण हा रंग महाग. इंग्रजी फौजेंतही तो अधिकाऱ्यांच्या डगल्यास असे. साध्या शिपायास मंजिष्ठाचा, थोडा विटकरी, मंद लाल मिळे. जुन्या डगल्यांचा दर्जा रंगावरून ओळखण्याची ही सोपी खूण आहे. गंमत अशी कीं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्याकडील लाखेचा रंग विलायतेस जाऊं लागला आणि किड्याच्या रंगास स्वस्त पर्याय म्हणून तेथील लाल कापडास चढूं लागला. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर उतरणाऱ्या एखाद्या विलायती गठ्ठ्यांतला रंग हिंदुस्थानच्याच रानांतून गेलेला असणें अशक्य नाहीं. परदेशी आणि स्वदेशी यांची रेघ टिपणकार समजतात तितकी सरळ ओढतां येत नाहीं.

आतां गाडदी. हा शब्द फ्रेंच गार्द या शब्दापासून आला असावा हें मत टिपणकारांनीं स्वीकारलें आहे, आणि आम्हांसही तें मान्य आहे. बुसी १७५१ पासून १७५८ पर्यंत निजामाच्या दरबारीं होता. त्याच्या हाताखालीं तयार झालेला इब्राहिमखान पुढें सदाशिवरावभाऊंकडे आला, फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीरच्या लढाईंत त्याच्या तोफांनीं व कवाइती पायदळानें काम केलें, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं तो पानिपतावर झुंजला. एवढें सर्व ठीक. परंतु कवाईत फ्रेंच म्हणून कापड फ्रेंच, आणि कापड फ्रेंच म्हणून बेतही फ्रेंच, ही साखळी टिपणांत केवळ 'अर्थात्' या एका शब्दावर लोंबकळते आहे. एकही हिशेब, एकही चित्र, एकही पत्र तिच्यासाठीं दिलेलें नाहीं.

बेताचा विचार करावयाचा तर आमच्या मतें शिंप्याच्या बोलीस साक्षीला बोलवावें. आपला अंगरखा बंदांनीं बांधावयाचा; छातीवर एक पाख दुसऱ्यावर येतें आणि बगलेशीं गांठ बसते. टोपीकरांचा डगला मध्यभागीं उघडा आणि बटणांनीं लावावयाचा. बंदूक छातीशीं धरून नेम घेणाऱ्या, खांद्यावरून पट्टा व कमरेशीं तोसदान बाळगणाऱ्या शिपायास लोंबते बंद व घोळदार घेर अडचणीचे होतात. हुकुमासरशी काडतूस काढून दांतांनीं फोडावयाचें, तर बाही मनगटाशीं आंखूड व घट्ट लागते. म्हणजे आंखूड, अंगाबरोबर बसणारा डगला हा कवाइतीच्या गरजेंतून आला, फॅशनींतून नव्हे. या डगल्याबरोबर आलेले शब्द पाहा. बटणाच्या छिद्रास मराठी शिंपी काज म्हणतो, तो पोर्तुगीज कासा. कांठास लावावयाची फीत पोर्तुगीज फिता. काडतूस पोर्तुगीज कार्तुशो, कंपू पोर्तुगीज कांपो, कप्तान पोर्तुगीज कापितांव. पलटण आणि बटण हे मात्र इंग्रजीच्या वाटेनें आलेले. शिंप्याच्या हातांतली ही विद्या आपल्या किनाऱ्यावर फ्रेंच येण्याच्या कितीतरी आधीं, गोवा, चौल व वसई येथील पोर्तुगीज वस्तीच्या आसपास रुजली असावी, असा कौल हे शब्द देतात. फ्रेंच कवाइतीचा गाडदी पोर्तुगीज नांवाच्या काजांत बटण घालीत होता, असें म्हटलें तर तें टिपणकारांच्या साखळीपेक्षां सत्याच्या अधिक जवळ जाईल.

लाल रंगाचा संबंधही फ्रेंचांपेक्षां इंग्रजांशीं अधिक आहे. क्लाइव्हनें १७५७ सालीं बंगाल्यांत देशी शिपायांची जी पहिली नियमित पलटण उभारली, तिला इंग्रजी धर्तीचे लाल डगले दिले, आणि लोकांनीं तिचें नांवच लाल पलटण ठेवलें. टोपीवरून लोकांना टोपीकर म्हणणारा आपला समाज डगल्यावरून पलटणीस नांव देईल, यांत नवल नाहीं. पोशाख हें परक्याचें पहिलें नांव असतें. कवाईत म्हणजे लाल विलायती डगला हें समीकरण मात्र सर्वत्र लागू नव्हतें. टिपू सुलतानाचें पायदळ पूर्ण कवाइती होतें, परंतु त्याचा पोशाख जांभळट कापडावर वाघाच्या पट्ट्यांच्या खुणा असलेला, म्हणजे स्वतःचा बेत, स्वतःचें चिन्ह. १७९० ते १७९२ च्या मोहिमेंत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेनें व तिच्यासोबतच्या इंग्रजी तुकडीनें टिपूचें हें पायदळ समोर पाहिलें. त्या तुकडीच्या हालचालींचा वृत्तांत एडवर्ड मूर यानें १७९४ सालीं प्रसिद्ध केला. उत्तरेंत महादजी शिंद्यांच्या चाकरींतल्या द बॉयनानें १७८४ नंतर जे कंपू उभारले, त्यांतल्या कवाइती शिपायास तेलंगा आणि तोडेदार बंदुकवाल्यास नजीब म्हणत. एकाच सेनापतीच्या हाताखालीं हे दोन वर्ग वेगळे दिसत व वेगळे लढत. खुद्द पुण्याच्या दरबारांत या डगल्यास मान नव्हता. जेम्स वेल्स या चित्रकारानें १७९० नंतर पुण्यांत राहून नाना फडणिसांचें जें चित्र काढलें, त्यांतील पांढऱ्या सुती वस्त्राकडे पाहिलें म्हणजे सत्ता कोणत्या कापडांत वावरत होती तें समजतें. लाल सकलाद चाकराच्या अंगावर. धन्याच्या अंगावर मलमल.

येथें कात्रजचा एक भौगोलिक मुद्दा सांगून पुढें जातों, कारण टिपणकारांनीं तो उलटा मांडला आहे. मुंबईचा माल कात्रजच्या घाटांतून पुण्यास येई, असें ते लिहितात. मुंबईचा माल पनवेलीवरून बोरघाटानें येई. कात्रज हें दक्षिणेचें दार. साताऱ्याकडून, तसेंच महाडाहून वरंध घाट चढून भोरावरून येणारा माल या वाटेनें उतरे. म्हणजे कात्रजच्या नाक्यावरून जर कांहीं टोपीकरांचें कापड गेलें असेल, तर तें राजापूर, वेंगुर्लें व गोवें या बाजूचें असण्याचा संभव अधिक. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला तलाव बांधून शहरांत नळानें पाणी नेलें, तें याच खोऱ्यांतून. आज बोगद्यांतून वाहनें पलीकडे जातात आणि जुना घाट बराचसा ओस पडला आहे; पण वाटांचा हा भेद नकाशावर अजून स्पष्ट दिसतो.

अखेरीस डगला. आम्हीं तो दिवसाच्या उजेडांत, भिंगाखालीं, मालकांच्या समक्ष पाहिला. कापड लोकरीचें खरें, परंतु कुटून आटविलेली जाड सकलाद नव्हे. विणकरीची तिरपी रेघ नुसत्या डोळ्यांस दिसते. कडा दुमडून शिवलेल्या आहेत, आणि वर सांगितल्याप्रमाणें खऱ्या सकलादीस त्याची गरज नसते. पाठीची व बाहीची मोठी शिवण यंत्राची आहे : दोन दोरे एकमेकांत अडकविणारा, मापून घातल्यासारखा सारखा टाका. शिवणयंत्राचें पहिलें यशस्वी पेटंट अमेरिकेंत होव याला १८४६ सालीं मिळालें आणि सिंगरचें यंत्र १८५१ चें. पानिपत १७६१ चें. एवढ्यावरच खरें म्हणजे निकाल लागतो. परंतु दुसरेंही आहे. डाव्या बगलेखालीं सुती अस्तरावर शाईचा शिक्का असून त्यांत इंग्रजी आंकड्यांत १८९ एवढें वाचतां येतें. चौथा अंक घामानें गेला आहे. दोन पितळी बटणें उरलीं आहेत, त्यांच्या पाठीवर बर्मिंगहॅमचें नांव आहे.

बेत मात्र खरोखर पाहण्यासारखा आहे. पुढचीं दोन्ही पाखें खालीं गोल फिरविलीं असून त्यांच्या कडेनें निराळ्या रंगाची फीत अशी लावली आहे कीं, आंत जणूं दुसरी बंडी घातली आहे असा भास व्हावा. हा झुआव्ह नांवाचा बेत होय. फ्रेंचांनीं १८३० सालीं अल्जिरिया घेतल्यावर तेथील लोकांच्या पोशाखावरून आपल्या झुआव्ह पलटणींसाठीं तो उचलला. क्रिमियाच्या युद्धांत इंग्रजांनीं तो पाहिला. आणि १८५७ नंतर हिंदी पायदळाच्या डगल्यांस 'पौर्वात्य' शोभा आणावी म्हणून तो इकडे आला. उत्तर आफ्रिकेचा बेत, फ्रेंचांचें नांव, इंग्रजांचा हुकूम, बर्मिंगहॅमचीं बटणें आणि अंग मावळांतल्या माणसाचें! टिपणकारांस या डगल्यांत कांहींतरी फ्रेंच आहे असें वाटलें, तें अगदींच खोटें नव्हे. त्यांची नजर चांगली आहे. शंभर वर्षांची चूक मात्र नजरेनें सुधारत नाहीं.

या ठिकाणीं एक अप्रिय गोष्ट लिहिणें प्राप्त आहे. त्याच पेटींत, डगल्याच्या घडीखालीं, एक इंग्रजी छापील व हातानें भरलेला कागद होता. मुंबईच्या सैन्यांतील एका मराठा पलटणींतून नोकरी पुरी करून मोकळा झालेल्या शिपायाचा तो दाखला आहे. त्यावरील नांव घरच्या वंशावळींत टिपणकारांच्या पणज्याच्या जागीं आहे. वयाचा, उंचीचा व अंगावरील खुणांचा रकाना भरलेला असून वर्तणुकीचा शेरा चांगला आहे. टिपणांत या कागदाचा उल्लेख नाहीं. आम्हीं विचारलें तेव्हां, तो अलीकडचा व इंग्रजांच्या चाकरीचा म्हणून गाळला, असें उत्तर मिळालें. आणि घरांत पानिपताची गोष्ट चार पिढ्या सांगितली जात आहे, हेंही थोड्या रागानें सांगण्यांत आलें.

आम्ही तो राग समजूं शकतों. पानिपताचा पूर्वज असणें आणि पेन्शनीचा पूर्वज असणें यांत लोकांच्या मनांत अंतर आहे. परंतु आधार गाळून जी गोष्ट उभी राहते, ती पूर्वजाची राहत नाहीं, आपली होते. शिवाय ज्या माणसानें हा डगला खरोखर अंगांत घातला, घामानें शिक्का पुसला, बाहीच्या कोपरावर स्वतःच्या हातानें, म्हणजे साध्या धांवदोऱ्यानें, ठिगळ लावलें, तोच या टिपणांतून हद्दपार झाला आहे. इंग्रजांच्या फौजेंत मराठा शिपाई कसा राहिला, त्याला कपडा कोणता मिळाला, हा इतिहास कांहीं हलका नव्हे. १९१५ च्या डिसेंबरांत मेसापोटेमियांतील कूट येथें सहाव्या पुणें डिव्हिजनचा कोंडमारा झाला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें तिला शस्त्र खालीं ठेवावें लागलें. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. तोंवर लाल डगला समारंभापुरता उरून अंगावर खाकी आलेली होती. हा खाकी शब्द मात्र उलट दिशेनें गेलेला : पेशावरकडे १८४० नंतरच्या दशकांत लम्सडेन याच्या गाइड पलटणीपासून सुरू होऊन जगभरच्या फौजांत पसरला. त्या काळच्या शिपायांचे दाखले, पत्रें व कपडे पुण्याच्या आसपासच्या पेट्यांतून अजून निघतील. ते पानिपताच्या नांवाखालीं गेले, तर पुढच्या अभ्यासकास सांपडणार नाहींत.

संग्राहकांसाठीं दोन व्यावहारिक सूचना. मालकांनीं रंग खुलावा म्हणून डगल्याची उजवी बाही धुऊन पाहिली आहे. तींतला रंग आतां अस्तरास लागला, आणि रंगाची परीक्षा करण्याची एक चांगली जागा गेली. असें करूं नये. दुसरें, डगला ज्या मोडी बंदांत गुंडाळलेला होता ते बंद चौकटींत बसावेत म्हणून कडेनें कापले आहेत, आणि तारखेची ओळ त्या कापण्यांत अर्धी गेली आहे. फीलखान्याचें वर सांगितलेलें कलम याच बंदांतलें. आमच्या मतें ते बंद डगल्याहून जुने असून, उत्तर पेशवाईच्या अक्षरवळणाचे आहेत. रद्दी म्हणून कोणीतरी ते आवरणास वापरले. ते वेगळे काढून सपाट ठेवावे आणि कापलेल्या पट्ट्या अजून घरांत असतील तर त्या शोधून जोडाव्या.

पाटीसाठीं आम्हीं सुचविलेला मजकूर असा : 'मुंबईच्या सैन्यांतील मराठा पायदळाच्या शिपायाचा लाल लोकरी डगला, झुआव्ह बेताचा, यंत्राची शिवण, बर्मिंगहॅमचीं बटणें, सुमारें १८९० ते १८९९. शिपायाचा दाखला सोबत.' शिपायाचें नांव घालावें कीं नाहीं हें घरच्यांनीं ठरवावें, असें आम्हीं कळविलें. टिपणकारांनीं चित्र काढून घेतलें आहे व दाखला संग्रहालयाकडे देण्याचें मान्य केलें आहे. पानिपताविषयींचा परिच्छेद ते घरच्या वहींत ठेवणार आहेत, आणि त्यास आमची हरकत नाहीं. कापलेल्या पट्ट्यांपैकीं एक सांपडल्याचें त्यांनीं नुकतेंच लिहिलें आहे. तिच्यावर तिथि आहे, साल दुसऱ्या पट्टीवर असावें.